सोन्याची टोपी आणि दाढेचं मूळ

रूट कॅनाल करून ठणका थांबला की आपल्यातल्या कितीतरी जणी दवाखान्यात परत जात नाहीत. ‘आता दुखत नाही, मग कॅपला पैसे कशाला घालवायचे?’ असं आपण म्हणतो. काही महिने बरे जातात आणि एक दिवस सुपारी नाहीतर भाजलेला हरभरा चावताना दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावीच लागते. म्हणजे रूट कॅनालचे पैसेही गेले आणि दाढही गेली. म्हणून आज आम्ही कॅपचा इतिहास सांगणार आहोत. मुळाची सफाई आणि वरची टोपी ही दोन कामं जगात वेगवेगळ्या वेळी सुरू झाली. त्यांची फारकत झाली तेव्हा फार माणसांचं नुकसान झालं.

तोंडात सोनं घालायची हौस जुनी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी इटलीत एट्रुस्कन नावाचे लोक राहत. त्यांच्या थडग्यांमध्ये दातांभोवती बसवलेल्या सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत, आणि त्या बहुतेक बायकांच्या दातांवर आहेत. दुखणं बरं करण्यापेक्षा तो दागिनाच जास्त असावा.

दुखण्याचं कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण अजून ‘दाताला कीड लागली’ म्हणतो, सुश्रुताच्या ग्रंथात ‘कृमिदंत’ हा शब्द आहे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडतात, हे तर आपल्या आज्यांनी सांगितलेलं. युरोपातही हीच समजूत होती. फ्रान्समधल्या पियेर फोशार या दंतवैद्यानं किडके दात सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिले, त्याला अळी काही दिसली नाही. त्याचा मोठा ग्रंथ १७२८ साली छापला गेला. पुढे १७४६ साली त्याच्याच देशातल्या क्लोद मूतों यानं दाढेवर सोन्याची पूर्ण टोपी बसवायची रीत लिहून ठेवली. पुढच्या दातावर सोनं पिवळं दिसतं म्हणून त्यावर पांढरा मुलामा द्यावा, हेही त्यानं सुचवलं. दिसण्याची काळजी तेव्हाही होतीच!

म्हणजे टोपी आली, पण मूळ आतून साफ करायला नीट हत्यार नव्हतं. दाढेच्या मुळात केसासारखी बारीक नळी असते, तिच्यात नस असते. तिथवर सुई घालायची कशी? १८३८ साली अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यानं घड्याळाची स्प्रिंग कानशीनं घासून तशी बारीक सुई केली. (याच माणसानं पुढे बंदुकाही बनवल्या.) साफ केलेली नळी भरायची कशानं, याचं उत्तर मलायातून आलं. तिथल्या एका झाडाचा चीक, गट्टापर्चा. गरम केला की मऊ, थंड झाला की घट्ट. १८७० साली समुद्राखालून मुंबईला आलेल्या तारेवर याच चिकाचं वेष्टण होतं. बोमन नावाच्या दंतवैद्यानं १८६७ मध्ये तो मुळात भरला. आजही तुमच्या दाढेत डॉक्टर ज्या गुलाबी काड्या भरतात, त्या गट्टापर्चाच्याच.

तरी आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. सडलेल्या मुळावरच सोन्याच्या टोप्या ठोकल्या जात होत्या. वरून झळाळी, आत पू. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरनं कॅनडातल्या माँट्रियल शहरात भाषण करून या कामावर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं. पण त्याचा अर्थ भलताच घेतला गेला. सांधे दुखतात, काढा दात. पोट बिघडलं, काढा दात. पुढची वीसेक वर्षं असंख्य लोकांचे वाचवता येण्यासारखे दात उपटले गेले. ‘रूट कॅनालनं अंगभर रोग पसरतो’ ही भीती आजही मोबाईलवर फिरते, तिचं मूळ तिथे आहे. पुढच्या अभ्यासात हा समज टिकला नाही.

यातून वाट काढायला एक्स-रेची मोठी मदत झाली. तो शोध १८९५ चा. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या ओटो वॉल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचं चित्र काढलं, त्यासाठी पंचवीस मिनिटं हलायचं नाही! आज क्षणात होतं. मूळ टोकापर्यंत भरलं की नाही, ते टोपी बसवण्याआधीच दिसू लागलं.

टोपीही सुधारली. ठोकून केलेल्या पत्र्याच्या कडेला फट राहते आणि फटीतून पुन्हा कीड शिरते. १९०७ साली टॅगार्ट यांनी मेणाचा नमुना करून सोनं ओतायची पद्धत दातांच्या कामात रुळवली. आपल्याकडच्या मूर्तिकारांना ती शेकडो वर्षं ठाऊक होती. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचं वर्णन आहे. चिनी मातीची पांढरी कॅप आली तीही याच सुमारास.

आपल्या भागात शिकलेला दंतवैद्य मिळणं ही शंभरेक वर्षांतली गोष्ट. कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये दंत महाविद्यालय काढलं. कलकत्त्यात शिकून आलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. त्या काळात बाईनं दातांचा दवाखाना चालवणं केवढी गोष्ट होती!

आता आपल्या दाढेकडे येऊ. रूट कॅनाल करताना किडका भाग कोरून काढतात, वरून भोक पाडतात. उरतात त्या पातळ भिंती. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव कशाला बसवतात? चाक ओझ्याखाली फाकू नये म्हणून. कॅप तेच काम करते. पुढच्या दातांवर एवढा भार येत नाही, म्हणून बरंचसं शाबूत असलेल्या पुढच्या दाताला कधी कधी नुसतं भरणंही पुरतं. चावायच्या दाढेला सहसा पुरत नाही.

तेव्हा रूट कॅनालचा खर्च विचाराल, त्याच दिवशी कॅपचाही विचारा आणि दोन्ही धरून गटातून कर्ज मागा. मागच्या दाढेला साधी धातूची कॅप चालते, ती पांढरीपेक्षा स्वस्त पडते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खाजगीपेक्षा कमी पैसे लागतात, फेऱ्या मात्र जास्त होतात. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं कडक काही चावू नका.