प्रौढ नवशिक्यांच्या फिगर स्केटिंगमधील जोडउड्या

जोडउडी म्हणजे फिगर स्केटिंग या क्रीडाप्रकारात एका उडीच्या अवतरणातूनच, मध्ये पाऊल न बदलता, घेतलेली दुसरी किंवा तिसरी उडी होय. प्रौढ वयात स्केटिंग शिकू लागलेल्या खेळाडूच्या पहिल्या स्पर्धात्मक रचनेत सहसा एक किंवा दोन जोडउड्या असतात. त्यांची निवड हौसेवर सोडली जाते असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ती बरीचशी पात्याच्या धारेने आणि गुणदानाच्या नियमांनी आधीच ठरवून दिलेली असते.

धारेचे बंधन

स्केटच्या पात्याला खालून उभी खाच असते. त्यामुळे पात्याला आतील आणि बाहेरील अशा दोन धारा मिळतात. डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारा खेळाडू जवळजवळ प्रत्येक उडीनंतर उजव्या पायाच्या बाहेरील धारेवर, मागे सरकत उतरतो. (उजवीकडे फिरणाऱ्यांसाठी पुढील वर्णनातील पाय उलटे समजावेत.) जोडीतील दुसरी उडी याच धारेवरून सुरू होणे भाग असते. मान्यताप्राप्त सहा मूळ उड्यांपैकी ही अट दोनच पूर्ण करतात : टो लूप आणि लूप. साल्को व फ्लिप डाव्या पायाच्या आतील धारेवरून सुटतात, लुट्झ डाव्या पायाच्या बाहेरील धारेवरून, तर ॲक्सेल पुढे तोंड करून घेतली जाते. म्हणून साल्को, फ्लिप आणि लुट्झ जोडीत पहिल्या येऊ शकतात, थेट दुसऱ्या नाही.

याला एक वळसा आहे. ऑयलर नावाची पूर्ण फेऱ्याची उडी उजव्या बाहेरील धारेवरून सुटते आणि डाव्या आतील धारेवर उतरते. ती मध्ये घातली की तिसरी उडी म्हणून साल्को किंवा फ्लिप घेता येते. नवशिक्यांना मात्र ही तिहेरी रचना बहुधा लवकर पेलत नाही.

काही उड्यांची नावे व्यक्तींवरून आली आहेत. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसेन यांनी १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे, स्वीडनच्या उलरिक साल्को यांनी १९०९ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झ यांनी १९१३ मध्ये आपापली उडी प्रथम सादर केली. लूप उडी जर्मनीच्या वेर्नर रिटबर्गर यांची असून युरोपात ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

टो लूप की लूप

दोन्ही उड्या एकाच धारेवरून सुटत असल्या, तरी त्यांची शारीरिक मागणी भिन्न आहे. टो लूपमध्ये मोकळा डावा पाय मागे टेकवून पात्याच्या टोकावरील दात्यांचा आधार घेतला जातो. पहिल्या उडीत वेग कमी झाला असेल तरी हा आधार खेळाडूला वर उचलतो. लूपमध्ये असा आधार नाही. ज्या गुडघ्यावर नुकताच सारा भार येऊन पडला, त्याच गुडघ्यातून पुन्हा उसळी घ्यावी लागते आणि मोकळा पाय समोरच राखावा लागतो. एकेरी उडी उतरताना तो पाय मागे लांबवण्याची सवय खेळाडूने परिश्रमपूर्वक अंगी बाणवलेली असते. लूपची जोड घेताना नेमकी तीच सवय मोडावी लागते. त्यामुळे पहिली जोडउडी टो लूपवर संपणारी असावी, हा सर्वसाधारण प्रघात सयुक्तिक आहे.

टो लूपलाही तिचे दोष आहेत. पहिल्या उडीनंतर खांदे फिरतच राहिले, तर खेळाडू दाते टेकवीपर्यंत अर्धाअधिक वळून गेलेला असतो आणि उडी जवळजवळ पुढे तोंड करूनच सुटते. हवेत मग पूर्ण फेरा उरत नाही. पाहणाऱ्याला जोडी झाल्याचा भास होतो, तांत्रिक पंचाला होत नाही. यावरचा उपाय दुसऱ्या उडीत शोधून सापडत नाही. पहिल्या उडीच्या अवतरणात खांदे फिरण्याच्या विरुद्ध दिशेने क्षणभर रोखणे, हाच तो उपाय.

प्रचलित जोड्या

सर्वांत आधी शिकवली जाणारी जोडी वॉल्ट्झ उडी आणि टो लूप ही होय. वॉल्ट्झ उडीत अर्धाच फेरा असतो, त्यामुळे ती सरावासाठी उत्तम ठरते. परंतु आंतरराष्ट्रीय मूल्यतक्त्यात तिला स्वतंत्र मूल्य नाही. त्यानंतर साल्को-टो लूप आणि टो लूप-टो लूप या जोड्या येतात. साल्को-टो लूप ही प्रौढ नवशिक्यांची खरी कामाची जोडी म्हणता येईल, कारण साल्कोचा वळणदार प्रवेश संथ वेगातही साधतो. फ्लिप-टो लूप दिसायला अधिक रुबाबदार असते. मात्र फ्लिपमध्ये एकदा दाते टेकून वेग खर्ची पडतो आणि लगेच टो लूपसाठी दुसऱ्यांदा टेकावे लागतात. वेग कमी असलेल्या खेळाडूची दुसरी उडी मग जागच्या जागी होते. लुट्झचा मोह अनेकांना पडतो. तिच्या प्रवेशात धार बाहेरची राखणे अवघड असते. ती शेवटच्या क्षणी आत कलंडली, तर धारेच्या चुकीबद्दल गुण कापले जातात. ज्याची एकेरी लुट्झ स्वच्छ नाही, त्याने ती जोडीत घालण्यात लाभ नाही.

गुणांचे गणित

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाच्या मूल्यतक्त्यानुसार एकेरी टो लूप व साल्को यांचे मूळ मूल्य प्रत्येकी ०.४०, लूप व फ्लिप यांचे ०.५०, लुट्झचे ०.६० आणि ॲक्सेलचे १.१० आहे. जोडउडीत ही मूल्ये मिळवली जातात. त्यावर पंच उणे ५ ते अधिक ५ या श्रेणीत सादरीकरणाचा दर्जा ठरवतात. प्रत्येक पायरी जोडीतील सर्वाधिक मूल्याच्या उडीच्या दहा टक्क्यांइतकी असते.

साल्को-टो लूप या जोडीचे मूळ मूल्य ०.८० होते, साल्को-लूपचे ०.९०. पहिली जोडी नीटनेटकी होऊन पंचांनी अधिक १ दिले, तर ०.८४ गुण मिळतात. दुसरी जोडी डळमळीत होऊन उणे ३ मिळाले, तर हाती ०.७५ उरतात. खेळाडू पडल्यास दर्जा बहुधा उणे ५ पर्यंत खाली येतो आणि पडण्याची वेगळी वजावटही होते. वरिष्ठ गटात पहिल्या पडण्यासाठी १ गुण वजा होतो, म्हणजे दोन एकेरी उड्यांच्या जोडीने मिळवले त्याहून अधिक. प्रौढ गटांत वजावटीचा दर स्पर्धेच्या नियमांनुसार बदलतो, तत्त्व मात्र तेच राहते.

उड्यांच्या पुनरावृत्तीवरही मर्यादा असते. सामान्यतः एकच उडी रचनेत दोनदाच मोजली जाते. ज्याला दुसरी उडी म्हणून केवळ टो लूप येते, त्याने दोन जोड्यांमध्ये ती वापरली की तिचा वाटा संपला. स्वतंत्र टो लूप घेतल्यास एका जोडीचा बळी जातो. म्हणून टो लूप जोड्यांसाठी राखून ठेवावी आणि एकट्याने घ्यायच्या जागी लूप किंवा फ्लिप ठेवावी, असा आराखडा उपयुक्त ठरतो. अवतरणानंतर भार टाकून पाऊल बदलले गेले, तर त्यापुढील उडी जोडीत धरली जात नाही.

रचनेतील स्थान

नवशिक्या गटातील रचना जेमतेम दीड-पावणेदोन मिनिटांची असते. तेवढ्यातही प्रौढाचा दम लागतो आणि थकलेल्या गुडघ्याला दुसरी उसळी जमत नाही. त्यामुळे अवघड जोडी आरंभी, पहिली किंवा दुसरी ठेवण्याची पद्धत आहे. प्रवेशासाठी लागणारी आडवी पावले आणि वळण यांत कित्येक सेकंद जातात; संगीत निवडतानाच हा अवधी मोजून ठेवणे इष्ट असते. जोडीसाठी मैदानाच्या लांबीची दिशा निवडली जाते, कारण दोन उड्यांना लागणारे अंतर आडव्या दिशेत कडेच्या भिंतीपाशी संपते.

वय आणि इजा

प्रौढाला उडीची भीती वाटते ती अनाठायी नसते. मागे किंवा बाजूला पडताना मनगट, कंबर आणि डोके यांना मार बसतो. पन्नाशीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हाडांची घनता घटलेली असल्यास साध्या पडण्यातूनही अस्थिभंग होऊ शकतो. मनगटाचे संरक्षक पट्टे आणि गादीच्या अर्ध्या विजारी सरावात वापरल्या जातात. जोडउडीत बहुतेक पडणे दुसऱ्या उडीत घडते आणि त्याचे मूळ बिघडलेल्या पहिल्या अवतरणात असते. पहिली उडी वाकडी उतरली तर दुसरी सोडून द्यायची, हा निर्णय मैदानावर उतरण्यापूर्वीच झालेला असावा लागतो. हवेत तो घेता येत नाही.

प्रौढांच्या स्पर्धा

अमेरिकेत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ मध्ये डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे झाली. जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे आंतरराष्ट्रीय संघाची प्रौढ स्पर्धा २००५ पासून सुरू झाली. तिच्यात अठ्ठावीस वर्षांवरील खेळाडू वयोगटांप्रमाणे आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण व मास्टर्स अशा कौशल्यगटांप्रमाणे उतरतात. कांस्य गटात एकेरी उड्यांनाच मुभा असून एकेरी ॲक्सेलही त्यात बसत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात सिमल्याचे उघड्यावरील बर्फमैदान १९२० पासून आहे. तेथे हिवाळ्यातील थोडेच आठवडे नैसर्गिक बर्फ टिकते. देहरादून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त मैदान उभारण्यात आले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या अमी पारेख आणि तारा प्रसाद या दोघींचेही प्रशिक्षण अमेरिकेत झाले.

महाराष्ट्रात स्केटिंग म्हणजे प्रायः चाकांवरचे स्केटिंग. मराठवाड्यात, उदाहरणार्थ उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, बर्फमैदानाचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये उड्या त्याच आहेत आणि धारेचे बंधनही तेच. चारचाकी स्केटवर धार म्हणजे बूट कलवून एका बाजूच्या चाकांवर घेतलेला भार. दात्यांचे काम पुढच्या रबरी ठोकळ्याकडे जाते. टो लूपला या खेळात ‘मेप्स’ आणि ऑयलरला ‘थोरेन’ अशीही नावे आहेत. गुणतक्ता वेगळा असल्याने बर्फावरील मूल्ये येथे लागू होत नाहीत. स्केटचे वजन अधिक असते, आणि बर्फावर पडलेला माणूस घसरत जाऊन धक्का विरतो, तसे सिमेंटवर होत नाही. म्हणून चाकांवर जोडउडीचा सराव प्रथम स्केट काढून, साध्या बुटांवर, गुळगुळीत फरशीवर केला जातो : उजव्या पायावर उतरणे, खांदे रोखणे, डाव्या पायाचे टोक मागे टेकवणे आणि पुन्हा उजव्याच पायावर उतरणे.