झेनॉन दिवे आणि केल्विनचा आकडा

मोटारीच्या हॅलोजन दिव्यात टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. झेनॉन दिव्यात तार नसतेच. काचेच्या इवल्याशा कुपीत दोन टोकांमध्ये विजेची कमान पेटते आणि झेनॉन वायूसह आतले धातूंचे क्षार उजळतात. ती पेटवण्यासाठी 'बॅलास्ट' क्षणभर वीस हजार व्होल्टहून अधिक दाब पुरवतो. ३५ वॅटचा असा दिवा सुमारे ३,२०० ल्यूमेन प्रकाश देतो. ५५ वॅटचा हॅलोजन जेमतेम त्याच्या निम्मा.

केल्विन हा आकडा रंगाचा, उजेडाचा नव्हे. हॅलोजनचा पिवळसर प्रकाश ३,२०० केल्विनच्या आसपास, तर कारखान्यातून येणारा झेनॉन साधारण ४,३०० केल्विनचा असतो. ६,००० ला निळसर झाक येते, ८,००० ला प्रकाश उघड निळा दिसतो. निळेपणा वाढतो तसे त्याच वॅटमधून मिळणारे ल्यूमेन घटतात. तरीही दुकानात मोठ्या आकड्याचीच भुरळ पडते! पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाट ओलांडणाऱ्याने ४,३०० च निवडावा.

मात्र खरा धोका रंगापेक्षा बसवणीत आहे. हॅलोजनचा परावर्तक तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. त्यात झेनॉन बसवला की झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यासाठी प्रोजेक्टर भिंगच हवे. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाजोगता फेरफार करू देत नाही.

मूळचेच झेनॉन असतील, तर दिवे जोडीने बदलावेत. जुन्याचा रंग वापराने सरकलेला असतो.