वऱ्हाडांतील पायगाडी

अमरावती शहराच्या जुन्या परकोटास पांच दरवाजे आणि चार खिडक्या आहेत. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील सावकारांचें व व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या सरकारानें १८०७ सालीं या भिंतीचें काम सुरू केलें. भिंतीचा घेर सुमारें सव्वादोन मैलांचा; म्हणजे गांवांतील कोणाहि मनुष्यानें घरून निघून दुकानावर, देवळांत किंवा चावडीवर पायींच जावें आणि दुपारच्या जेवणास घरीं परतावें, अशी ती रचना होती. अकोल्याची गोष्ट फारशी निराळी नव्हती. मोर्णेच्या पश्चिम तीरावर असदगडाच्या आश्रयानें वसलेलें तें जुनें गांवहि असेंच पायांच्या मापाचें होतें. अशा गांवांत ‘कामावर जाणें’ हा एक स्वतंत्र प्रवास असूं शकतो, ही कल्पनाच कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. वऱ्हाडांत पायगाडी कां रुजली हें समजून घ्यावयाचें, तर घर आणि काम यांमधील अंतर प्रथम कसें निर्माण झालें, तें पाहिलें पाहिजे.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. कारभार आला कीं कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांस मोकळी जागा हवी असते. अमरावतीस परकोटाबाहेर ‘कँप’ नांवाची वस्ती उठली. अकोल्यास मोर्णेच्या पूर्वेकडे ताजनापेठेच्या बाजूस सरकारी इमारती व साहेबांचे बंगले झाले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तो अकोल्यास मिळाला. परंतु अमरावतीस तो सहा मैलांवर बडनेऱ्याहूनच पुढें गेला, आणि शहराच्या वांट्यास पुढें एक फांटा आला. मागून सरकीच्या गिरण्या, कापसाचे बाजार, हायस्कुलें, आणि १९२३ सालीं अमरावतीचें किंग एडवर्ड कॉलेज, अशीं एकेक ठिकाणें जुन्या वेशीबाहेर उभीं राहिलीं. राहतें घर मात्र वेशींतच राहिलें. वाडा वडिलार्जित, विहिरीचें पाणी घरचें, शेजार दोन पिढ्यांचा. तो सोडून कँपांत जाण्याची ऐपत किंवा इच्छा फार थोड्यांस होती. नामांकित वकिलांच्या दारीं घोडागाडी असे, सधन शेतकऱ्याची धमणी असे. पण कारकून, मास्तर, तारमास्तर, कंपौंडर, ओव्हरसियर या नव्या वर्गानें काय करावें? रोजचें टांग्याचें भाडें त्याच्या पगारास झेपणारें नव्हतें, आणि वैशाखांतील उन्हांत दोन-तीन मैल चालून दहाच्या ठोक्यास कचेरींत हजर होणें शरीरास झेपणारें नव्हतें. या वर्गाचें आणि पायगाडीचें लग्न त्या अंतरानेंच जमविलें.

या साध्या दिसणाऱ्या यंत्रास पूर्ण रूप यावयास सत्तर वर्षें लागलीं होतीं. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन द्राइस यानें दोन चाकांची एक लांकडी गाडी केली. तिला पायडल नव्हतें, स्वारानें जमिनीवर पाय मारीत तिच्यासह धांवावयाचें. १८६० नंतर पॅरिसमध्यें पुढच्या चाकास पायडल बसलें. मग वेग वाढावा म्हणून तेंच चाक मोठें मोठें करीत नेलें, आणि स्वार माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या चाकावर जाऊन बसला. ती गाडी धाडशी तरुणांच्या कामाची. लहानशा दगडानेंहि स्वार डोक्यावर आदळे. धोतर नेसलेला, डोक्यास पागोटें घातलेला अव्वल कारकून तसल्या गाडीवर बसलेला कल्पनेंतहि आणतां येत नाहीं. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें ‘रोव्हर’ गाडी आणली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं, मागच्या चाकास साखळीनें गति मिळे, आणि उंची अशी बेताची कीं, तोल गेला तर पाय टेकतां यावा. १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें, आणि हाडें खिळखिळीं करणारें वाहन प्रतिष्ठित गृहस्थाच्या उपयोगाचें झालें.

ही गाडी महाराष्ट्रांत यावयास मुळींच विलंब लागला नाहीं. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान निघालें. लक्ष्मणराव मुंबईस यंत्रविद्या शिकवीत व तेथून गाड्या खरेदी करून बेळगांवीं पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकास बसावयासहि शिकवीत. पुढें याच घराण्यानें लोखंडी नांगर व कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. महाराष्ट्रांतील एका मोठ्या यंत्रोद्योगाचा उगम सायकलीच्या दुकानांत आहे, ही गोष्ट आमच्या औद्योगिक इतिहासांत जितक्या ठळकपणें सांगितली जावी तितकी ती जात नाहीं. यंत्र उघडून पाहण्याचें, तें बिघडलें असतां स्वतः दुरुस्त करण्याचें धैर्य आमच्या पांढरपेशा समाजास ज्या वस्तूनें प्रथम दिलें, ती ही पायगाडी होय. ज्यानें जन्मांत हातांत पाना धरला नव्हता, त्या शास्त्रीबुवांच्या नातवानें अंगणांत परातभर पाणी घेऊन, ट्यूब दाबून, बुडबुडे कोठून येतात तें पाहिलें. प्रयोगशाळेचा पहिला धडा अनेकांस तेथेंच मिळाला.

वऱ्हाडांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आलेल्या गाड्या बहुशः विलायती. रॅले, हंबर, बी. एस. ए., हर्क्युलस हीं नांवें घरांतील बायकामुलांनाहि पाठ असत. गाडी घेणें हा कुटुंबाचा मोठा खर्च; म्हणून ती रात्रीं ओसरीवर किंवा माजघरांत ठेवावयाची, दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालावयाची, आणि शेजाऱ्यास द्यावयाची ती हजार सूचना देऊन. जांवयास घड्याळाबरोबर सायकलहि द्यावी लागे, हा तिच्या प्रतिष्ठेचा कमी स्पृहणीय पुरावा. ज्यांस विकत घेणें साधत नसे त्यांच्यासाठीं तासाच्या भाड्यानें गाडी देणारीं दुकानें निघालीं. आणि बैठकीपर्यंत पाय न पोंचणारीं मुलें दांडीखालून पाय घालून ‘कैंची’ चालवावयास तेथेंच शिकलीं.

तिच्या सुखांपैकीं पहिलें सुख स्वातंत्र्याचें. टांगेवाल्याची मर्जी, घोड्याची वैरण, सोबत्याची वाट यांपैकीं कशाचेंहि बंधन सायकलस्वारास नाहीं. दुसरें सुख शरीराचें. मोजून पाहणाऱ्यांनीं असें दाखविलें आहे कीं, तेंच अंतर पायीं चालण्यास जी शक्ति लागते, तिच्या सुमारें पंचमांश शक्तींत मनुष्य सायकलवरून जातो. अमरावती ही व्यायामाची नगरी. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून तेथें आहे, आणि १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले खेळ दाखविले. परंतु आखाड्याची पायरी कधीं न चढलेल्या शेंकडों कारकुनांस जो नित्य व्यायाम घडला तो कचेरीच्या वाटेवर घडला. तिसरें सुख थोडें सूक्ष्म आहे. घर सोडल्यावर आणि कचेरींत शिरण्यापूर्वीं जीं पंधरा-वीस मिनिटें मिळतात, तीं कोणाच्याहि मालकीचीं नसतात. घरांतील चिंता मागें राहिलेली, साहेबाची मुद्रा अद्याप पुढें; मध्यें फक्त निंबाची सांवली आणि चाकाचा एकसुरी आवाज. कित्येक व्याख्यानें या वेळांत जुळलीं असतील आणि कित्येक राजीनामे याच वेळांत मागें घेतले गेले असतील.

मुंबईच्या सहा पारशी तरुणांनीं १९२३ च्या ऑक्टोबरांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवलें आणि त्यांपैकीं तिघे १९२८ च्या मार्चांत ती पूर्ण करून परतले. त्यांचें कौतुक झालें तें योग्यच झालें. पण एक त्रैराशिक मांडून पाहावें. दररोज जातां-येतां सहा मैल, वर्षांतून अडीचशें दिवस, नोकरी तीस वर्षें. म्हणजे पंचेचाळीस हजार मैल होतात. पृथ्वीचा परीघ पंचवीस हजार मैलांहून थोडा कमी. वेशींतून कँपांत जाणारा कारकून पेन्शन घेईपर्यंत जवळजवळ पावणेदोन प्रदक्षिणा करून बसलेला असे, आणि त्यास त्याचा पत्ताहि नसे.

आतां संकटांकडे वळूं. वऱ्हाडची भूमि काळी, कसदार, कापसाची. ती शेतकऱ्यास जितकी उदार, तितकीच सायकलस्वारास निष्ठुर. पहिल्या पावसानंतर कच्च्या वाटेवर गेलें कीं, काळा चिखल चाक आणि मडगार्ड यांमध्यें असा घट्ट बसतो कीं चाक फिरेनासें होतें. मग काडीनें चिखल उकरावयाचा, चार पावलें जावयाचें, पुन्हां उकरावयाचा. शेवटीं ज्या गाडीनें मनुष्यास न्यावयाचें तिलाच मनुष्य खांद्यावर घेऊन जातो. पाऊस संपला कीं तोच चिखल वाळून दगड होतो, आणि कापसाच्या हंगामांत बैलगाड्यांच्या लोखंडी धांवांनीं पडलेल्या चाकोऱ्या जशाच्या तशा राहतात. त्यांत पुढचें चाक शिरलें तर हॅन्डल वळवून उपयोग नाहीं. दुसरें संकट बाभळीच्या कांट्याचें. बांधावरची बाभूळ शेतकऱ्यास औतास लांकूड देते, शेळ्यांस पाला देते, आणि सायकलीस पंक्चर देते. तिसरें संकट उन्हाचें. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं. डोक्याकानांस दुपट्टा गुंडाळावा, खिशांत कांदा ठेवावा, आणि शक्य तितक्या सकाळीं बाहेरचें काम उरकावें, ही येथील जुनी वहिवाट आहे. शाळा सकाळच्या होतात त्याचेंहि कारण तेंच.

मनुष्यकृत संकटें निराळीं. धोतराचा सोगा साखळींत गेला कीं भर चौकांत लाज आणि गुडघा दोन्ही जात. म्हणून पोटरीशीं चाप लावण्याची युक्ति निघाली. बुजलेला टांग्याचा घोडा, आडवें आलेलें गुरूं, उतारावर न लागणारा ब्रेक, हीं नित्याचीं. कायद्याचा धाक त्याहून अधिक. अंधार पडल्यावर दिवा हवा. आधीं तेलाचा, मग कार्बाइडचा, मग चाकावर फिरणारा डायनामो. वाऱ्यानें दिवा विझला आणि समोर शिपाई दिसला, म्हणजे गाडीवरून खालीं उतरून ती निष्पाप चेहऱ्यानें हातीं धरून चालविणें हा शहाणपणा प्रत्येकास आपोआप सुचे. अनेक नगरपालिकांनीं सायकलीवर कर बसवून पितळी बिल्ले दिले. करास लोक कुरकुरले. पण कर देणाऱ्यास रस्त्यावर हक्काची जागा आहे, ही जाणीवहि त्या बिल्ल्यानेंच दिली.

१९३९ सालीं मुंबईस हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टी. आय., १९५१ सालीं सोनीपतला ॲटलस, १९५६ सालीं लुधियान्यास हीरो, असे कारखाने उभे राहिले आणि गाडी स्वदेशी व स्वस्त झाली. त्याबरोबर तिचा स्वारहि बदलला. गवळ्याच्या चरव्या, पेपरवाल्याची चवड, गिरणीकामगाराचा डबा, गवंड्याची थापी यांना तिनें आधार दिला. येथेंच एक खेदाची गोष्ट नोंदविली पाहिजे. ज्या दिवशीं मजूर सायकलवर बसला, त्या दिवशीं बाबूस ती आपल्या मानास न शोभणारी वाटूं लागली. स्कूटर आली, मग मोटारसायकल आली. शब्दाचें भाग्य पाहा: बायसिकलसाठीं मराठीनें घडविलेला ‘दुचाकी’ हा शब्दहि पेट्रोलच्या गाडीनें बळकावला. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील शेंकडा ४४·८ कुटुंबांकडे सायकल होती आणि शेंकडा २१ कुटुंबांकडे यांत्रिक दुचाकी. परंतु दहा वर्षांत पहिला आंकडा जेमतेम एकानें वाढला होता, दुसरा जवळजवळ दुप्पट झाला होता.

रस्त्यांचें तसेंच झालें. चांगले रस्ते हवेत ही ओरड इंग्लंड-अमेरिकेंत मोटार जन्मण्यापूर्वीं सायकलस्वारांनींच केली. अमेरिकन स्वारांचा संघ १८८० चा आहे. रस्ते सुधारले, आणि ज्यांनीं ते मागितले त्यांसच कडेला जावें लागलें. आमच्याच प्रांतांतील उदाहरण घ्या. अमरावती व अकोला यांमधील महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यांत आला आणि त्याची गिनेस बुकांत नोंद झाली. पराक्रम निःसंशय मोठा. तें काम सुरू झालें ३ जून रोजीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०१८ पासून जागतिक सायकलदिन म्हणून ठरविलेला दिवस तोच. चाकोऱ्या गेल्या, चिखल गेला, ज्याची दोन पिढ्यांनीं वाट पाहिली तो गुळगुळीत रस्ता झाला. आणि त्यावरून भरधांव ट्रकांच्या शेजारीं आपल्या मुलास सायकलवर पाठविण्याची छाती कोणा बापास होत नाहीं. कांटा टोंचला तर ठिगळ लावतां येत होतें. या नव्या संकटास ठिगळ नाहीं.

तरीहि पायगाडीचा इतिहास संपला असें मानणें चुकीचें होईल. मागासलेल्या तालुक्यांतील दूरच्या शाळेंत जाणाऱ्या मुलींस मानव विकास कार्यक्रमांतून सरकार सायकली देतें. पणजीस ज्या वाहनाकडे खिडकींतून पाहण्यापलीकडे अधिकार नव्हता, त्यावर पणती दप्तर लावून हायस्कुलास जाते. तिच्यापुढें आज तेंच अंतर आहे, जें शंभर वर्षांपूर्वीं परकोटांतील कारकुनापुढें होतें: घर एका ठिकाणीं, आणि ज्या स्थळीं आयुष्य सुधारतें तें दुसऱ्या ठिकाणीं. अंतर तोडण्याचें साधन समाजानें तिच्या हातीं दिलें, हें उत्तम केलें. पण साधनाबरोबर वाटहि द्यावी लागते. रस्त्याच्या कडेची चार-पांच फूट सुरक्षित पट्टी, एवढीच ही मागणी आहे. ज्या प्रांतास ७५ किलोमीटर डांबर साडेचार दिवसांत घालतां येतें, त्यास ती पुरी करणें अशक्य आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं.