गंगाराम तांबट आणि पेशव्यांचा गेंडा : समोर बसून काढलेल्या चित्रांचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांचा राजवाडा आजही पाहता येतो. जिजाऊंचे हे जन्मस्थान. महाद्वार उभे आहे, तट उभे आहेत. मात्र त्या महाद्वाराबाहेर सतराव्या शतकातील एखाद्या सकाळी बाजार कसा भरत असे, भालदार कसा उभा राहत असे, पाण्याला निघालेल्या बायका कशा दिसत असत, हे दगड सांगू शकत नाहीत.

२/ मराठ्यांच्या इतिहासाची ही जुनी अडचण आहे. कागद उदंड, चित्रे तुटपुंजी. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आहेत. त्यांतून कोणाला किती पगार मिळाला, कोणत्या सणाला किती खर्च झाला, हे कळते. पण हिशेबाचा कागद रक्कम सांगतो, माणसाची बसण्याची ढब सांगत नाही.

३/ चित्रे काढलीच जात नव्हती, असे नाही. पेशवाईत वाड्यांच्या भिंती रंगवण्याची मोठी हौस होती. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे त्याची साक्ष देतात. मात्र अशा चित्रांचे मुख्य विषय देवादिकांचे आणि पुराणकथांचे. त्यांतील आकार चित्रकाराच्या हातात परंपरेने बसलेले असत. समोरची वस्तू पाहून ती जशी आहे तशी कागदावर उतरवणे, हे वेगळे काम होते.

४/ ते काम करणारा एक मराठी माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात होता. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. आडनावावरून तो तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या तांबट समाजातला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ठोक्यांचा आवाज आजही ऐकू येतो. त्याच समाजातील या माणसाच्या हातात पेन्सिल आणि जलरंग आले.

५/ ते कसे आले, यासाठी दरबाराकडे पाहावे लागते. १७८६ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट पुण्यात दाखल झाला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे ठाणे होते. राजकारण हे त्याचे मुख्य काम; पण लेणी, प्राणी, चालीरीती यांविषयीही त्याला कुतूहल होते. पाहिलेले कागदावर उतरवून ठेवण्यासाठी त्याला चित्रकार हवा होता. तो त्याला गंगारामाच्या रूपाने मिळाला.

६/ पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यात गेंडाही होता. नोव्हेंबर १७९० मध्ये गंगारामाने त्याचे चित्र काढले. गेंडा पुण्याच्या परिसरातला प्राणी नव्हे. त्याचा आकार परंपरेने हातात बसलेला असणे कठीण. अंगावरच्या जाड कातडीच्या घड्या आणि नाकावरचे शिंग पाहूनच काढावे लागते. म्हणून हे चित्र म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणाचा पुरावा आहे.

७/ त्या चित्राची तारीख विशेष महत्त्वाची आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये आणि पुण्यात आला १७९२ मध्ये. वेल्सने गंगारामाला घडवले, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु वेल्सने पुण्यात पाऊल ठेवण्याआधीच गंगाराम मॅलेटसाठी समोर पाहून चित्रे काढत होता. पुढे वेल्सच्या सहवासात तो आणखी शिकला, हे खरे. पण आरंभ त्याचा स्वतःचा होता.

८/ वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे रंगवली. मॅलेटच्या प्रोत्साहनाने आणि पेशव्यांच्या अनुमतीने शनिवारवाड्यातच चित्रकलेची एक शाळा भरू लागली. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. त्याआधी साठाहून अधिक वर्षे पेशव्यांच्या वाड्यात पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकवले जात होते आणि गंगाराम त्या शाळेशी निगडित सर्वांत नावाजलेला चित्रकार होता.

९/ त्याच्या चित्रांतील दुसरा विषय आजच्या वाचकाला अधिक जवळचा वाटेल : तालमीत मेहनत करणारी माणसे. राजा नाही, लढाई नाही, देवही नाही. उघड्या अंगाने व्यायाम करणारे पुरुष, त्यांच्या शरीरांचा ताण आणि तोल. पुण्याच्या पेठांत रोज दिसणारे हे दृश्य कोणत्या बखरकाराला लिहिण्याजोगे वाटले असते? जे रोजचे असते त्याची नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद होत नाही ते सर्वांत आधी नाहीसे होते.

१०/ जागेवर बसून चित्र काढण्याचे कष्ट वेरूळला अधिक जाणवतात. मॅलेटच्या सांगण्यावरून गंगारामाने तिथल्या लेण्यांची रेखाटने केली. अंधारात खांब मोजायचे, उंचीचा अंदाज घ्यायचा, झिजलेल्या मूर्तीत नेमके किती उरले आहे तेवढेच काढायचे. छायाचित्रणाच्या शोधाला अजून काही दशके अवकाश होता. दूरच्या अभ्यासकापर्यंत लेणे पोहोचायचे, तर ते चित्रकाराच्या डोळ्यातूनच. मॅलेटचा वेरूळवरील लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

११/ आता एक तुलना पाहण्याजोगी आहे. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा तह झाला तो १७९० मध्ये. त्या दरबाराचे भव्य तैलचित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते पूर्ण केले थॉमस डॅनियल याने, १८०५ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी. आधार होता वेल्सच्या रेखाटनांचा; आणि तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोहोचलेलाही नव्हता.

१२/ पेशवे दरबार म्हटले की आज हेच चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. त्यातील चेहरे आणि पोशाख पुढच्या निरीक्षणांतून आलेले आहेत, म्हणून ते मोलाचेच आहे. पण तो क्षण मात्र मागाहून रचलेला आहे. त्याच वर्षी पुण्यात राहून समोरचा गेंडा पाहून काढलेले गंगारामाचे लहानसे चित्र त्या मानाने क्वचितच कोणाला ठाऊक असते. भव्य चित्र आणि साक्षीदाराचे चित्र, यांतला हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवायला हवा.

१३/ अर्थात साक्षीदारही पूर्ण मोकळा नव्हता. काय काढायचे हे बहुतांशी मॅलेट ठरवत असे. कागद त्याचा, पैसा त्याचा आणि तयार चित्रही त्याचेच. म्हणून या चित्रांत पुणे दिसते ते कंपनीच्या वकिलाला कुतूहल वाटलेले पुणे. तांबट आळीतला हा माणूस स्वतःच्या मर्जीने बसला असता, तर त्याने काय काढले असते? भट्टी, घण, शेजारची माणसे? हा प्रश्न त्या चित्रांपुढे उभा राहतो.

१४/ या उद्योगाचे आयुष्य अल्प ठरले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात वेल्सही मरण पावला. दरबारात वारसाचे कलह पेटले. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले आणि चित्रांचा संग्रह त्याच्यासोबत गेला. वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने वेरूळची चित्रे १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. शीर्षकपृष्ठावर मान मिळाला तो वेल्स आणि डॅनियल यांना.

१५/ गंगारामाची चित्रे मात्र नष्ट झाली नाहीत. आज त्यांतील अनेक चित्रे अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. ज्या पुण्यात ती चित्रे निघाली त्याचे सागवानी वैभव जळाले, कागद तेवढा उरला. पण तो उरला हजारो मैलांवर, जिथे पुण्याचा विद्यार्थी सहजी पोहोचत नाही.

१६/ पुढच्या शतकात चित्र बदलले. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. मध्ये शिकले आणि मुंबईचे रस्ते, फेरीवाले, नाना जातिधर्मांच्या स्त्रिया त्यांनी टिपल्या. १९१२ च्या, मुंबईच्या गल्लीबोळांवरील एस. एम. एडवर्ड्स यांच्या पुस्तकात त्यांची चित्रे आहेत. लेखक इंग्रज असला तरी चित्रकाराचे नाव आता झाकले गेले नव्हते. पुढे धुरंधरांनी मराठीत आत्मचरित्रही लिहिले. गंगारामाला स्वतःविषयी सांगण्याची अशी संधी कधी मिळाली नाही.

१७/ आज अनेक शहरांत तरुणतरुणी वही घेऊन चौकात बसतात आणि समोरचे जीवन रेखाटतात. २००७ पासून ही चळवळ जगभर पसरली आहे. समोर बसूनच काढायचे, हा तिचा पहिला नियम. पुण्यात तो २०० वर्षांपूर्वीच कोणीतरी पाळला होता. फरक इतकाच की आता विषय ठरवणारा मॅलेट नाही.

१८/ दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी मोठा जनसमुदाय लोटतो. शेगावची पालखी पंढरीला निघते, खामगावच्या बाजारात कापूस उतरतो. हे सारे आज रोजचे वा दरवर्षीचे वाटते, म्हणूनच निसटून जाण्याजोगे आहे. त्या गर्दीच्या कडेला बसून कोणी चार रेघा ओढल्या, तर खाली ठिकाण, तारीख आणि स्वतःचे नाव अवश्य लिहावे. गेंड्याच्या चित्रावर तारीख नसती, तर गंगारामाचा आरंभ वेल्सच्याच खात्यावर जमा झाला असता.

(थ्रेड समाप्त)