रबराची रिंग आणि आभाळाचं छत

प्रेशर कुकरच्या झाकणातली रबराची रिंग एखाद्या दिवशी सैल पडते. मग शिट्टी काही होत नाही. कडेने वाफ फुसफुसत राहते आणि डाळ अर्धी कच्ची उरते. घरातली बाई बाजारातून नवी रिंग आणते, खाचेत बसवते आणि कामाला लागते. या गोष्टीचा इतिहास कोणी लिहून ठेवत नाही.

मोटारगाडीत गारवा आणणाऱ्या यंत्रातही अशाच रिंगा असतात. कारागीर त्यांना ‘ओ-रिंग’ म्हणतात. बोटातल्या अंगठीएवढी वस्तू, किंमतही किरकोळ. पण या रिंगेच्या बाजूने जे निसटत गेलं, त्यानं एकेकाळी साऱ्या जगाची झोप उडवली होती. आज तीच हकिकत सांगायची आहे.

आधी गारवा येतो कसा ते पाहू. आपल्या माठातलं पाणी का गार होतं? माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. गाडीतलं यंत्र हेच करतं. फरक एवढाच, की त्यातला द्रव उडून जाऊ द्यायचा नसतो. डॅशबोर्डमागच्या नळ्यांत तो वाफ होतो आणि गाडीतली उष्णता शोषून घेतो. मग इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा काँप्रेसर त्या वाफेला दाबतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत ती निवते, पुन्हा द्रव होते आणि फेरा नव्याने सुरू होतो. थोडक्यात, हा न पाझरणारा माठ आहे. तो पाझरला की संपलं.

हा द्रव कोणता घ्यायचा, हा जुना प्रश्न. सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू असत. ते गळले तर जिवावर बेतायचं. १९२८ साली अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा वायू निवडला. तो जळत नव्हता आणि विषारीही नव्हता. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो स्वतः छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने पेटती मेणबत्ती विझवून दाखवली. सभेची खात्री पटली. ‘फ्रिऑन’ या नावाने तो बाजारात आला. पुढे आर-१२ म्हणून ओळखला गेला तो हाच.

यानंतर १९३९ साल आलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने गारव्याची सोय असलेली मोटार लोकांपुढे मांडली. गारवा देणाऱ्या नळ्या मागच्या आसनापाठीमागे होत्या. यंत्र बंद करायचं तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि काँप्रेसरचा पट्टा हाताने उतरवायचा! अर्थातच ती फारशी चालली नाही. १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढच्या बाजूला आणली आणि मग मात्र हा गारवा सामान्य गाड्यांत शिरू लागला.

योगायोग असा, की त्याच १९३९ साली रबराच्या गोल रिंगेचं अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सन यांना मिळालं. हे डेन्मार्कमध्ये जन्मलेले कारागीर. अर्ज केला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांची युक्ती साधी होती. रिंगेला नेमक्या मापाची खाच करून द्यायची. रिंग त्या खाचेत थोडी दाबली जाते आणि आतला दाब वाढला, की तीच रिंग फटीवर आणखी घट्ट बसते. दुसऱ्या महायुद्धात विमानांपर्यंत ही रिंग पोचली.

आता एक शंका येईल. घरातला फ्रिज वर्षानुवर्षं गळत नाही, मग गाडीच का गळते? फ्रिजमध्ये मोटर आणि काँप्रेसर एकाच बंद भांड्यात असतात आणि नळ्या कायमच्या जोडलेल्या असतात. गाडीत काँप्रेसरला इंजिनाचा पट्टा फिरवतो, म्हणून त्याचा दांडा भांड्याबाहेर काढावाच लागतो. इंजिन थरथरतं, म्हणून काही नळ्या लवचीक ठेवाव्या लागतात. जिथे जोड, तिथे रिंग. उन्हाने, तेलाने, हादऱ्याने रबर कडक होतं, चपटं होतं आणि वायू हळूहळू निसटतो. त्या काळी कोणी मनाला लावून घेत नसे. गॅस कमी झाला की भरायचा आणि दुरुस्तीच्या वेळी उरलेला खुशाल हवेत सोडून द्यायचा. विषारी नाही, वास नाही, मग बिघडलं कुठे?

बिघडलं होतं ते वर, आभाळात. १९७४ साली कॅलिफोर्नियात मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिलं, की हा वायू इथे खाली मोडत नाही म्हणूनच वर पोचतो. तिथे सूर्याच्या प्रखर किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोनचे कण फोडत सुटतो. एक कण हजारोंचा फडशा पाडतो. हा ओझोन म्हणजे आपलं छत. सूर्याचे अतिनील किरण तो अडवतो. ते जास्त आले तर कातडीचा कर्करोग, डोळ्यांत मोतीबिंदू आणि पिकांनाही इजा.

या कथेत आपल्या देशातला एक माणूस आहे. वीरभद्रन रामनाथन मूळचे मदुराईचे. १९६५ साली इंजिनिअर होऊन ते सिकंदराबादच्या एका शीतयंत्रांच्या कारखान्यात लागले. त्यांचं काम काय? यंत्रांतून वायू का गळतो ते शोधायचं! पुढे ते अमेरिकेत गेले. १९७५ साली त्यांनीच सिद्ध केलं, की हा निसटलेला वायू पृथ्वीची उष्णताही अडवून धरतो आणि त्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट जोरकस आहे. गळती शोधणाऱ्या माणसाला त्या गळतीचा दुसरा अर्थ सापडला.

तरी जग चटकन हललं नाही. १९८५ साली अंटार्क्टिकावर काम करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओझोनच्या थराला पडलेलं खिंडार जाहीर केलं, तेव्हा सगळे जागे झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल इथे करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. पुढे जगातल्या एकूण एक देशांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. असं भाग्य फार थोड्या करारांना लाभतं.

१९९० नंतर नव्या गाड्यांत आर-१३४ए हा वायू आला. त्यात क्लोरीन नाही. पण वायू बदलला आणि रिंगेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. जुन्या वायूबरोबर चालणारं खनिज तेल नव्या वायूत मिसळत नाही, म्हणून तेल बदललं. तेल बदललं, म्हणून रबरही त्याला सोसणारं घ्यावं लागलं. कुठलं रबर कुठल्या तेलात फुगेल आणि कुठल्यात आकसेल, हे पाहूनच रिंग निवडावी लागते. नुसतं माप जुळून भागत नाही.

ती बसवायची रीतही या इतिहासाने बदलली. पूर्वी नट सैल करून गॅस सोडून देत. आता तो यंत्राने ओढून टाकीत भरून घेतात. कारागिराच्याही हिताचं तेच आहे, कारण हा द्रव उडाला तर हाताची कातडी गोठते आणि डोळा जाऊ शकतो. मग दोन पान्यांनी जोड उघडायचा, एकाने नळी धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणजे नळी पिळवटत नाही. जुनी रिंग खाचेला ओरखडा न पाडता काढायची. खाच पुसायची. नवी रिंग त्याच यंत्राच्या तेलात बुडवून, पीळ न पडू देता बसवायची. नट बेताने आवळायचा. फार आवळलं तर रिंगच चिरडते. नंतर पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढायची, पंप थांबवून घड्याळाचा काटा हलतो का ते पाहायचं आणि काटा स्थिर राहिला तरच वायू वजन करून भरायचा. घाईचं काम इथे चालत नाही.

कथा अजून संपलेली नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट आहे. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगाली इथे असे वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि २०२१ साली भारताने त्याला मान्यता दिली. इकडे आभाळातली जखम मात्र हळूहळू भरून येत आहे. अंटार्क्टिकावरचं छत २०६६ च्या सुमारास १९८० इतकं होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

शिक्षक मंडळींना एक विनंती. १६ सप्टेंबर हा ओझोन दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी वर्गात एक माठ आणि कुकरची एक जुनी, कडक झालेली रिंग घेऊन जा. गारवा कसा येतो ते माठ सांगेल आणि तो कुठून निसटतो ते रिंग सांगेल. मिजली यांनी वायू शोधला तो माणसांचे जीव वाचावेत म्हणून. त्यात वाईट हेतू नव्हता. पण निसटलेली वस्तू जाते कुठे, हा प्रश्न विचारायला माणसाने चाळीस-पन्नास वर्षं लावली. मुलांनी तो पहिल्याच दिवशी विचारावा, एवढं झालं तरी या छोट्या रिंगेचं मोल वसूल झालं म्हणायचं.