पुण्याचे संघ : आले किती, राहिले किती?

अमेरिकेत शिकागो, फिलाडेल्फिया अशा मोजक्याच शहरांत बेसबॉल, बास्केटबॉल, आइस हॉकी आणि त्यांचा तो फुटबॉल, या चारही खेळांचे मोठे व्यावसायिक संघ आहेत. थोडा काळ आपले पुणेही त्या पंक्तीच्या जवळ जाऊन बसले होते, आठवते का? २०१६ साली क्रिकेटमध्ये रायझिंग पुणे, फुटबॉलमध्ये एफसी पुणे सिटी आणि कबड्डीत पुणेरी पलटण असे तीन संघ एकाच वेळी पुण्याचे नाव लावत होते.

पुढे काय झाले? क्रिकेटचा आधीचा संघ, पुणे वॉरियर्स, २०११ ते २०१३ एवढाच टिकला होता. दुसरा तर दोनच वर्षांच्या बोलीवर आलेला. २०१७ चा अंतिम सामना मुंबईशी एका धावेने हरला आणि संपला. २०१९ मध्ये फुटबॉलचा संघ बंद पडून त्याची जागा हैदराबादने घेतली. तिघांतली पलटण मात्र राहिली आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेती ठरली.

तिकडे ओकलंडनेही २०१९ ते २०२४ या काळात आपले तिन्ही संघ गमावले. नाव गावाचे, मालकी दुसऱ्याची! मालकाला परवडेनासे झाले, की गावाने नुसते बघत राहायचे.

१९०६ चा डेक्कन जिमखाना सभासदांचा, म्हणून तो जागचा हलला नाही. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली, तो संघही कुणी लिलावात घेतलेला नव्हता. पैसा हवाच, पण संघात गावाचाही थोडा वाटा असायला नको का?