परसातील कळपात नव्या कोंबडीचा समावेश
परसात आधीपासून नांदणाऱ्या कळपात बाहेरची कोंबडी टप्प्याटप्प्याने मिसळण्याची पद्धत. तिचा आधार असलेला चोच मारण्याचा श्रेणीक्रम नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास मांडला. नवी कोंबडी येताच हा क्रम ढळतो आणि झुंजींतून पुन्हा ठरतो. झुंजीची जात असलेल्या असीलमध्ये (पहा : असील) हा संघर्ष विशेष तीव्र. नव्या कोंबडीला आधी दोन ते चार आठवडे वेगळे ठेवतात, पुढे संघर्ष सौम्य व्हावा म्हणून जाळीआडून दृष्टिपरिचय घडवतात आणि अंधारात खुराड्यात बसवतात. दाण्यापाण्याची भांडी वाढवतात. विलगीकरण मुख्यतः मानमोडीसारख्या (पहा : राणीखेत रोग) संसर्गापासून कळप वाचवण्यासाठी असते. तमिळनाडूत कुंभकोणमसह कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडत असल्याने त्या काळात वेगळे खुराडे कोरडे राखावे लागते.